डाव्या दिव्याचा फ्यूज

आगाची गाडी सापडली, तेव्हा तिच्या दिव्यांचं बटण चालू होतं की बंद?

हे मी सगळ्यांना विचारलं. गाडी ओढून आणणारा ट्रकवाला म्हणाला, बॅटरी उतरली होती. दोन दिवस थंडीत पडलेल्या गाडीची बॅटरी उतरणारच, मी बटणाचं विचारत होतो. पोलिसानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मुल्ला म्हणाला, असले प्रश्न विचारून गेलेल्याची वाट अडवू नये. आणि किनाऱ्यावरच्या मुक्कामाच्या तळावर आगाबरोबर काम करणारा कुवात, तो नुसता माझ्या पियाल्यात चहा ओतत राहिला. पियाला भरला, चहा खाली अंथरलेल्या दस्तरखानावर सांडला, तरी ओतत राहिला.

आगा म्हणजे माझा थोरला भाऊ, एसबोसिन. खाऱ्या पाण्यातल्या झिंग्यांची अंडी गोळा करणारी माणसं आमच्या मोयनाकहून समुद्रापर्यंत नेणं-आणणं, हे त्याचं काम. समुद्र आता इतका मागं गेलाय की तीन-चार तास गाडी हाकावी लागते, आणि ती सगळी वाट समुद्राच्याच उघड्या पडलेल्या तळावरून जाते. गाडी झिगुली. माझ्याहून वयानं मोठी.

मिठाशी आगाचं रोजचं भांडण होतं. मीठ पत्रा खायचं, तारा खायचं, पण त्याला सगळ्यात गोड लागायचे ते फ्यूज. नव्या गाड्यांत प्लॅस्टिकचे चपटे असतात तसले नव्हेत, जुने. बोटाच्या पेराएवढी चिनीमातीची कांडी, तिच्या अंगावरून धातूची पातळ पट्टी, दोन टोकांना दोन टोप्या. पितळी पात्यांच्या चिमट्यात ती कांडी बसते. पट्टी जळाली तर डोळ्यांना दिसतं, बदलून टाकता येतं. पण मीठ पट्टीला हात लावत नाही, ते टोकं कळकवतं. आधी हिरवा ठिपका, मग पांढरी बुरशी. मग फ्यूज धडधाकट दिसतो, जागेवर असतो, फक्त त्यातून काही जात नाही. दिवा मरतो. आगा म्हणायचा, "जळालेला परवडला. निदान सांगून जातो."

म्हणून संध्याकाळी गाडी अंगणात लागली की तो सगळे फ्यूज काढून एका पियाल्यात टाकायचा आणि जेंगेच्या हातात द्यायचा. जेंगे म्हणजे माझी भावजय, बिबिनाझ. ती ते व्हिनेगरमध्ये भिजवायची, चुलीच्या राखेनं टोकं घासायची, पुसून त्यांवर मेंढीच्या चरबीचं बोट फिरवायची. लग्नातली नखं रंगवायची लाल बाटली तिच्याकडे उरली होती. तिचा एकेक ठिपका प्रत्येक कांडीवर. तळावरचे ड्रायव्हर एकमेकांचे फ्यूज उचलतात, म्हणून ही खूण.

"घास, घास," आगा म्हणायचा. "स्वतःचे दात घासत नाहीस एवढे माझ्या गाडीचे घासतेस."

"तुझ्या गाडीच्या तोंडाला तुझ्याएवढा वास येत नाही," जेंगे मान वर न करता म्हणायची.

रस्त्यात दिवा फडफडला की आगा स्टिअरिंगखालच्या फ्यूजच्या डबीवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचा. "उठ रे, आळशा." बहुतेक वेळा दिवा उठायचा. सकाळी मलाही तो तसाच उठवायचा. कपाळावर दोनदा टकटक, आणि तेच शब्द.

आता एका दिव्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचा आजा मासेमार होता. तेव्हा होड्यांच्या डोलकाठीला एक कंदील असायचा. काही होड्या परत आल्या नाहीत. मग समुद्रच निघून गेला, पण बुडालेल्यांना हे कुणी सांगितलंच नाही, असं म्हातारी माणसं म्हणतात. मिठाचं वादळ उठून भर दिवसा अंधारलं की ते अजून किनारा शोधत फिरतात. म्हणून समुद्राच्या तळावरून जाताना वादळात दोन दिवे दिसले तर गाडी समजायची, हॉर्न वाजवायचा, थांबायचं. एकच दिवा दिसला तर आपले दिवे विझवायचे आणि तो निघून जाईपर्यंत गप्प बसायचं. तुमचा उजेड दिसला तर बुडालेला माणूस त्याला किनारा समजतो, तुमच्याकडं येतो, आणि तुम्हाला घेऊन जातो. चहा पिताना सगळे या गोष्टीला हसतात. वादळात कुणी हसलेलं मी ऐकलेलं नाही.

आगा गेला तेव्हाही असंच वादळ होतं. गाडीचं एक चाक मिठाच्या पापुद्र्यातून खाली गेलं होतं. तो गाडीपासून थोडा पुढं, वाटेकडं तोंड करून बसलेला सापडला. हात बाह्यांत घातलेले. वाट तिथून हाकेच्या अंतरावर होती, आणि त्या वाटेनं त्या दिवशी तळावरच्या गाड्या परतल्या होत्या. म्हणून मी बटणाचं विचारत होतो.

चाळिसावा जवळ आला होता. ज्या खोलीत आगाला आंघोळ घातली, तिथं तेलाचा दिवा जळत होता. चाळीस दिवस तो विझू द्यायचा नसतो, म्हणजे गेलेल्याला घर सापडतं. आपा, म्हणजे आमची आई, दर गुरुवारी पोळ्या तळायची. तेलाचा वास त्याच्यापर्यंत पोचतो म्हणून.

एका सकाळी आपा म्हणाली, "त्याचं अंथरूण, कोट, चहाची किटली, सगळं तळावर पडलंय. चाळिसाव्याच्या आत घरात यायला हवं. लोकांत वाटून टाकायचंय."

"मी आणतो," मी म्हणालो. आकाश निळं होतं, वारा नव्हता.

बॅटरी भरली. फ्यूज काढून जेंगेला दिले. इतक्या दिवसांनी तिच्या हातात काम आलं, तिनं ते कितीतरी वेळ घासले. बसवताना चिमट्यांतला एक रिकामा राहिला.

"डाव्या दिव्याचा कुठंय?" तिनं विचारलं.

"पडला असेल कुठंतरी."

"पडेल कसा? त्या पहाटे मी माझ्या हातानं सगळे बसवलेत."

"मग मिठानं खाल्ला."

"मीठ कांडी कधीपासून खायला लागलं?"

माझा पारा लगेच चढतो. "जेंगे, भर दिवसा जातोय, भर दिवसा येतोय. दिवा काय करायचाय?"

"एका दिव्यानं जाऊ नको, ओतेश."

मी चहाच्या पुडीतली चांदी फाडली, एका काडीला गुंडाळली आणि चिमट्यात कोंबली. डावा दिवा लागला. "हा बघ तुझा नवा फ्यूज." तिनं बघितलं नाही. ती रिकाम्या पियाल्यात बघत होती.

तळावर कुवातनं आगाचं गाठोडं आधीच बांधून ठेवलं होतं. दोरी नीट, गाठ घट्ट, जणू बरेच दिवस कुणीतरी न्यायला येईल म्हणून वाट बघत होता. त्याची गाडी आमच्यासारखीच झिगुली, तशीच गंजकी. मी पुन्हा विचारलं.

"कुवातआगा, तुम्ही त्याच दिवशी त्याच वाटेनं परतलात. काही दिसलं होतं?"

"चहा घे."

"चहा नकोय मला."

तो उठून दारात गेला. "वारा उठतोय बघ. आज इथंच राहा."

"तुमच्याबरोबर? एका छपराखाली?"

असं मी माझ्याहून दुप्पट वयाच्या माणसाला बोललो. गाठोडं त्यानंच उचलून मागच्या सीटवर ठेवलं, आणि वरचा कोट हातानं जरा सारखा केला.

अर्ध्या वाटेत वादळानं गाठलं. आधी समोरची रेघ पुसट झाली, मग झुडपं, मग गाडीचं नाक. आमच्याकडं वादळ काळं नसतं, पांढरं असतं, आणि त्या पांढऱ्यात दिवस बुडतो. काचेवर मीठ चुरचुरत होतं, दारांच्या फटींतून आत येऊन जिभेवर बसत होतं. दवाखान्यासारखा कडवट वास. मी दिवे लावले. थोडं गेल्यावर पायाशी काहीतरी जळाल्याचा वास आला. काडी धुमसत होती. चांदी काळी पडली, आणि डावा दिवा गेला.

उरला उजवा. मी गाडी उभी केली.

किती वेळ गेला माहीत नाही. वाऱ्याचा आवाज एकसारखा असला की त्यात माणसांचे आवाज ऐकू यायला लागतात. मी गाठोड्यातून आगाचा कोट ओढला आणि पांघरला. आणि मान वर केली, तर समोर दिवा होता.

एकच.

लांब, पिवळा, हळूहळू येणारा. गाडीसारखा हिसके खात नव्हता. पाण्यावरून यावा तसा येत होता. मी बोट बटणावर ठेवलं. पण दाबलं नाही लगेच. कारण तो दिवा सरळ समोर बघत नव्हता. खाली झुकलेला होता, जमिनीकडं. आमच्या गाडीचा डावा दिवा तसाच आहे. आगानं एकदा कुणाच्या तरी मेंढीला धडक दिली, तेव्हापासून तो मान खाली घालून चालतो. आगा म्हणायचा, "लाजलाय तो."

मी तो दिवा ओळखला. माझ्या भावाचा दिवा होता. आणि ओळखल्यावर मी बटण बंद केलं.

अनोळखी भुताला घाबरून विझवला असता तर वेगळं. मी ओळखून विझवला. हे मी आपाला सांगितलेलं नाही, जेंगेलाही नाही.

मी सीटवर खाली सरकलो, कोट डोक्यावरून घेतला, डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांतून उजेड लालसर दिसत होता. तो वाढत गेला आणि थांबला. वारा होता, पण गाडीच्या आसपास तो ऐकू येईना. आणि वास आला. व्हिनेगर, राख आणि मेंढीची चरबी. कोटाला नव्हता तो वास, बाहेरून येत होता.

माझ्या कपाळाशेजारच्या काचेवर कुणीतरी टकटक केली. दोनदा.

"...उठ रे, आळशा."

आवाज रागाचा नव्हता. थंडीनं दात वाजत असताना बोलावं तसा होता.

"...दिवा लाव ना. एवढाच..."

मी कोटाची बाही दातात धरली होती. श्वास घेतला नाही. तो माझा आगा होता हो. मला खांद्यावर बसवून त्यानं सगळं गाव दाखवलं होतं. मी श्वासही घेतला नाही.

उजेड सरकला. जाताना एकदा थांबला, मागं वळून बघावं तसा. मग पापण्यांच्या आत पुन्हा अंधार झाला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चिमटा रिकामा होता. म्हणजे आगाची गाडी त्या दिवशी एकाच दिव्यावर होती. त्यानं दिवा लावला असणार, लावून वाटेकडं तोंड करून बसला असणार. आणि वाटेनं जाणाऱ्यांना वादळात एकच दिवा दिसला असणार.

मी बटण दाबलं. दार उघडून मिठात उभा राहिलो आणि ओरडलो, "आगा! आगा, मी आहे!" तोंडात मीठ भरलं. समोर काहीच नव्हतं.

वादळ विरत आलं तेव्हा समोरून दोन दिवे आले, मला शोधत पुढं जाऊन परत फिरलेल्या गाडीचे. कुवात होता. तो उतरला, टोपी कानापर्यंत ओढलेली, पापण्या पांढऱ्या झालेल्या.

"लांबून एकच दिवा दिसत होता," तो म्हणाला.

"मग आलात कसे?"

तो माझ्या गाडीच्या विझलेल्या डाव्या दिव्याकडं बघत राहिला.

"या वेळी... आलो."

मग तो परत आपल्या गाडीत वाकला, डबी उघडली, आणि एक फ्यूज काढून माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या गाडीचा डावा दिवा विझला. कांडीवर लाल ठिपका होता.

"त्या दिवशी सकाळी माझा कळकला होता. त्यानं त्याचा काढून दिला. म्हणाला, मला उजवा पुरे."

मी मूठ उगारली. कुवातनं टोपी काढली आणि मान पुढं केली, हात आडवा केला नाही. मूठ तशीच वर राहिली. त्याच हातानं मी थोड्या वेळापूर्वी बटण बंद केलं होतं. ती खाली आणणं मला फार जड गेलं.

बटणाचं मी त्याला विचारलं नाही. नंतरही कधी नाही.

घरी आल्यावर आपानं गाठोडं छातीशी धरलं. "वाटेत काही दिसलं का रे?"

"काय दिसणार? मीठ."

फ्यूज मी जेंगेला दिला. कुठं मिळाला हे तिनं विचारलं नाही. ठिपक्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि पियाल्यात व्हिनेगर ओतलं.

चाळिसाव्याला सगळं गाव आलं. कुवात दाराशी, जोड्यांजवळ बसला. मोठ्यांनी वर बोलावलं तरी हलला नाही. जेवणं झाल्यावर आपानं कपडे वाटले. टोपी चुलतभावाला, बूट शेजाऱ्याच्या पोराला. कोट हातात घेऊन ती चालत दाराशी गेली आणि तिनं तो कुवातच्या खांद्यांवर घातला.

"तू होतास ना त्याच्याबरोबर तिथं," ती म्हणाली. "तूच घाल."

कोट त्याला मोठा होत होता. तो हात बाह्यांत घालून तसाच बसला, आगा सापडला तेव्हा बसला होता तसा. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मीही त्याच्याकडं बघितलं नाही. आम्ही दोघं एकाच चटईवरच्या एकाच फुलाकडं बघत होतो.

पाहुणे गेले. दिवस मावळला. आपानं आतल्या खोलीतला दिवा फुंकर न घालता बोटांनी विझवला, आणि भिंतीकडं तोंड करून निजली. मी पियाल्यातला फ्यूज घेऊन बाहेर आलो.

आमचं घर गावातलं शेवटचं. अंगण संपलं की समुद्राचा तळ सुरू होतो. गाडी त्याच तोंडानं उभी होती. मी चिमट्याची पाती खरवडली, लाल ठिपक्याचा फ्यूज बसवला, बोटानं फिरवून बघितला. घट्ट होता, टोकं चकचकीत होती. बटण दाबलं.

उजवा दिवा लागला. डावा नाही.

खाली उतरून बल्ब बघितला. चांगला होता. पुन्हा आत बसून डबीवर टकटक केली. "उठ रे..." पुढचा शब्द माझ्या तोंडून निघेना.

तेव्हा लांब, समुद्राच्या तळावर, जिथं वाटही नाही तिथं, एक दिवा लागलेला दिसला. खाली झुकलेला.

मी बटण बंद केलं. तो विझला. चालू केलं. तो लागला.

जेंगे कधी मागं येऊन उभी राहिली कळलं नाही. तिच्या हाताला राखेचा वास होता.

"डावा लागत नाही?" तिनं विचारलं.

"लागलाय, जेंगे," मी म्हणालो. "जरा लांब आहे."

तिनं माझ्या बोटाच्या दिशेनं बघितलं. ओढणीचं टोक तोंडावर धरलं. वारा नव्हता. कुठंतरी कुत्रं भुंकायला लागलं आणि मधेच थांबलं.

"ओतेश..." ती हळू म्हणाली. "जवळ येतोय का तो?"

उजव्या दिव्याचा उजेड पिवळा पडायला लागला होता, आणि त्याच्याबरोबर तिकडचाही. बॅटरी उतरू नये म्हणून मी इंजिन सुरू केलं, पाय दाबून ठेवला, आणि बटणावरचा हात, तो पुन्हा बंद करायला जाऊ नये म्हणून, काढून मांडीखाली घट्ट धरून बसलो.